उशिरा पोचणारे हात

१

सोमवारी दुपारी चार वाजून सात मिनिटांनी वहिनीचे हात हवेत थांबले.

तिच्या खोलीत नव्हे. तिथे ते नीट चालू होते. थांबले ते इस्पितळातल्या पडद्यावर, आणि त्या पडद्यासमोर बसलेल्या बाईला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर गोळ्या समजावत होते आणि वहिनी ते खुणांच्या भाषेत त्या बाईला सांगत होती. सकाळच्या गोळ्यांपर्यंत हात पोचले. संध्याकाळच्या गोळ्या आजपासून बंद, एवढं मात्र वाटेतच राहिलं. बाईला वाटलं, झालं सांगून. तिने मान डोलावली, पिशवी उचलली आणि निघाली. नर्सने तिला दारातून परत आणलं म्हणून निभावलं.

वहिनी दुभाषी आहे. रोज चार ते सहा ती घरच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसते. अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणते म्हणून मीही म्हणते, वयाने माझ्या मुलीएवढी असली तरी. इस्पितळाचा नियम असा की काम नोंदवलेल्या लाइनवरूनच करायचं आणि तीन तक्रारी झाल्या की यादीतून नाव कापायचं. सोमवारची तक्रार दुसरी होती.

त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. "मावशी, घरातलंच कोणीतरी माझं इंटरनेट पळवतंय. कोण ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या."

मी टेलिफोनच्या तक्रार खिडकीवर एकतीस वर्षं काढली. तीन नंबरची खिडकी. आता रिटायर झाले, तरी घराखालच्या दुकानात लोकांचे राउटर दुरुस्त करत बसते, कारण नुसतं बसणं मला जमत नाही. लोक मला तक्रारमावशी म्हणतात. पुरावा मागणारी माणसं मी चांगली ओळखते. त्यांना पुरावा नको असतो, दुजोरा हवा असतो.

"कोण आहे ते?" मी विचारलं.

"भाऊजी. दुसरं कोण असणार? गुरुवारी चारला एका लहान मुलीच्या ऑपरेशनची बोलणी आहेत. तिच्या आईला ऐकू येत नाही. तिथे हात अडकले तर माझं काम गेलंच समजा. म्हणून मी भाऊजींना सांगितलंय, गुरुवारच्या आत दुसरीकडे सोय बघा."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मंगळवारी मी गेले.

२

घर साधंच आहे. पुढची खोली, मागे वहिनीची कामाची खोली, डाव्या हाताला सासऱ्यांची. बाहेरून येणारी तार पुढच्या खोलीतल्या फळीवर उतरते. फळीवर थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, तीन आठवड्यांपूर्वी आणलेला राउटर. सहा शिंगं, वर निळे दिवे, भलता ऐटबाज डबा. त्याच्या शेजारी वेताची टोपली आणि टोपलीत चार्जरची पट्टी.

ही टोपली माझ्या डोक्यातून निघालेली. महिन्यापूर्वी वहिनीने पहिल्यांदा फोन केला होता की कधीमधी चित्र फाटतं. मी दुकानातूनच सल्ला दिला. पावणेचारच्या पुढे घरातल्या सगळ्यांनी आपापले फोन एका टोपलीत ठेवायचे, चार्जिंगला लावायचे आणि सहापर्यंत हात लावायचा नाही. कोणी वापरणारच नाही तर अडकेल कशाला, असं मी म्हणाले होते. सल्ला देताना मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

घरातल्यांनी तो अगदी मनापासून पाळला होता. धाकट्याने, म्हणजे वहिनीच्या त्या भाऊजींनी, तर आपला लॅपटॉपही वहिनीच्या कपाटात कुलपात दिला होता.

वहिनीने वही काढली. शिस्तीची बाई, रोजची नोंद होती. तीन आठवडे, रोज चार वाजून पाच ते दहा मिनिटांच्या दरम्यान सुरू, पाच वाजायच्या सुमारास आपोआप बंद. शनिवारी तिला सुट्टी. स्वच्छ गेलेले दिवस फक्त चार: तीन रविवार आणि मागचा बुधवार.

"मागच्या बुधवारी काय होतं?"

"भाऊजी मुलाखतीला गेले होते. दोनला गेले, सहाला आले." तिने बोट वहीवर टेकवलं. "आणखी काय पुरावा हवा?"

"आणि रविवारी? रविवारी तर तो घरातच असतो."

"रविवारी हे पण घरात असतात. थोरल्या भावासमोर काय टाप आहे त्यांची?"

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांवर माझा फारसा विश्वास नाही. मी विचारलं, "अडकतं म्हणजे नक्की काय होतं? चित्र फाटतं की थांबतं?"

"थांबतं. आणि मग एकदम धावतं. मी केलेलं सगळं तिकडे पोचतं मावशी, एक बोटही हरवत नाही. पण दोन-तीन सेकंद उशिरा. आधी असं नव्हतं. जुना डबा होता तेव्हा फाटायचं. नवा आणल्यापासून थांबतं."

"आणि स्पीड?"

"कंपनीचा माणूस दोनदा येऊन मोजून गेला. उत्तम म्हणाला."

वहिनीने मंगळवार-बुधवार रजा टाकली होती, त्यामुळे मला मोकळं रान होतं. पावणेचारला टोपलीत फोन पडले. वहिनीचा, धाकट्याचा, सासऱ्यांचा. माझाही मी ठेवला. थोरला कामावर होता. धाकट्याला मी समोरच्या खुर्चीवर बसवलं. तो दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे ठेवून बसला, परीक्षेला बसल्यासारखा.

माझ्या लॅपटॉपवरून मी दर सेकंदाला एक लहानसा निरोप बाहेर पाठवते आणि तो जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघते. एक हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद, एवढं लक्षात ठेवलं की झालं. चारला आकडा होता अठरा. चार वाजून पाच मिनिटांनी एकोणीस.

चार वाजून सात मिनिटांनी दोनशे चाळीस. मग नऊशे. मग दोन हजार शंभर.

मी टोपलीकडे पाहिलं. चारही फोनचे पडदे काळे. समोर धाकटा, हात रिकामे. वहिनीचं तोंड उतरलं, पण तिने हार मानली नाही.

"वर काहीतरी चालू ठेवलं असेल त्यांनी," ती म्हणाली. "त्या बेकरीवाल्या भाडेकरूकडे."

३

धाकट्याला घेऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. सव्वीस वर्षांचा मुलगा, आवाज खालच्या पट्टीतला.

"खेळतोस?"

"खेळतो. लपवत नाही. पण चार ते सहा नाही. शपथा घेऊन कंटाळलो, मावशी. आता मी मिठाची गुळणी धरून बसतो."

"खोली बघितलीस म्हणे."

"पुलापलीकडे. गुरुवारी दुपारी जातो." तो पायरीवरची माती नखाने काढत होता. "तुम्हाला गंमत सांगतो. वहिनीने दुभाषीची परीक्षा दिली ना, तेव्हा सहा महिने रोज तिच्यासमोर मी बसायचो. तिला सरावाला माणूस हवा होता आणि घरात रिकामा मीच. त्यामुळे मलाही सगळं येतं. आम्ही जेवताना बाबांना कळू न देता हातांनी भांडायचो. आता ती माझ्याशी तोंडानेही बोलत नाही."

हे ऐकून मला वाईट वाटलं, ते मी दाखवलं नाही.

"मागच्या बुधवारी काय काय केलंस ते सांग. अगदी बारीकसारीक."

"दोनला निघालो. फोन उतरला होता, म्हणून टोपलीतला बाबांचा जाडा चार्जर बरोबर घेतला. माझा फार हळू चढवतो. मुलाखत बरी झाली. परत आलो तर बाबा रागावलेले, फोन मेला म्हणून. बस्स, एवढंच."

मी ते मनात ठेवलं, पण खरं सांगते, त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मला बेकरीवाल्याची घाई झाली होती.

४

वरचा भाडेकरू बेकरीत भट्टीवर असतो. रात्रभर काम, दिवसा झोप. मी दार वाजवलं तेव्हा तो उशीचा वळ गालावर घेऊनच आला.

"वायफाय?" तो म्हणाला. "मावशी, या भिंती बघा केवढ्या जाड आहेत. खालचा वायफाय माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथूनच परत जातो. पासवर्ड आहे, पण तो काय चाटायचा? मी आपलं सिम वापरतो."

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी तपासला. वायफाय बंद, आणि बरेच दिवस बंदच. तो बिचारा खरं बोलत होता.

"झोपमोड केली, माफ कर," म्हणून मी वळले.

"तुमचं काय, तुम्ही एकदाच केलीत," तो जांभई देत म्हणाला. "खाली रोज सव्वातीनला सुरू होतं. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज. मग मोजणी. एक, दोन, तीन, चार, दहापर्यंत. मग पुन्हा एक. वीस मिनिटं चालतं. रविवारी तेवढं नसतं, म्हणून रविवारी मला गाढ झोप लागते."

मी जिन्यावर अर्ध्यातच थांबले.

रविवारी नसतं.

खाली डाव्या हाताची खोली सासऱ्यांची. चौकशीत त्यांना कोणी धरलंच नव्हतं, कारण घरात एकमत होतं की बाबांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नाही.

५

सासरे म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, अंगात अजून शाळा. खोली लखलखीत. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि तो उडू नये म्हणून त्यावर एक लहानसा काळा डबा, दोन शिंगांचा. जुना राउटर. थोरल्याने टाकायला काढलेला, यांनी वजन म्हणून वाचवलेला.

"मास्तर, सव्वातीनला काय मोजता?"

ते जरा ओशाळले. "गुडघा. ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून व्यायाम आहे. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, आठवड्यातून एकदा व्हिडिओ काढून दाखवा. म्हटलं, एकदाच कशाला? मी रोज काढतो, पूर्ण वीस मिनिटं. ही बघा खुर्ची, तिच्यावर हा खडूचा खोका, त्याला टेकून फोन. मग फोनच्या काचेवर कोनमापक ठेवून मी गुडघ्याचा कोन मोजतो. काल एकशे चार अंश वाकला." त्यांनी कोनमापक दाखवला. शाळेतला, लाकडी, फळ्यावरचा.

"रविवारी?"

"रविवारी विश्रांती, तिनेच सांगितलंय."

"आणि व्यायाम झाला की?"

"की लगेच फोन टोपलीत. नियम म्हणजे नियम. एक दिवस चुकलो नाही मी. धाकटा मागच्या बुधवारी चार्जर घेऊन गेला तेव्हाही फोन टोपलीत ठेवलाच, चार्जिंग नसलं तरी."

मी खुर्चीवर बसले.

"मास्तर, तुमच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ कुठे जातात?"

"मला काय कळतंय त्यातलं? मुलांची आई गेली त्या वर्षी माझा जुना फोन गटारात पडला. तिचे सगळे फोटो त्यात होते. स्वयंपाकघरातून मला हाक मारतानाचा एक व्हिडिओ होता, तोही गेला." ते खिडकीकडे बघत पुढचं बोलले. "मी दोन दिवस जेवलो नाही. तेव्हापासून थोरल्याने फोनमध्ये काहीतरी करून ठेवलंय. म्हणाला, बाबा, आता फोन हरवला तरी आतलं काही हरवणार नाही. तुम्ही फक्त फोन चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवत जा, बाकी तो आपलं आपण बघून घेतो."

चार्जिंगला लावून स्वस्थ ठेवत जा.

मी उठून पुढच्या खोलीत आले आणि टोपलीसमोर उभी राहिले. चोर सापडला होता. आणि त्याला रोज वेळेवर घरात घेणारी बाई कोण, तेही सापडलं होतं. मी घरी गेले तेव्हा माझा चहा गार होईपर्यंत तसाच राहिला.

६

बुधवारी चारच्या आत मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. थोरल्यालाही अर्धी रजा काढायला लावली. मास्तरांनी व्यायाम केला, व्हिडिओ काढला, फोन टोपलीत ठेवला. माझा लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा मी ठेवला.

चार वाजून आठ मिनिटांनी आकडा दोन हजारांवर गेला.

"आता बघा," म्हणून मी टोपलीत हात घातला आणि मास्तरांच्या फोनची चार्जरची वायर काढली.

दोन हजार. आठशे. शंभर. अठरा.

मी वायर परत लावली. दोन मिनिटांत आकडा पुन्हा वर.

"मास्तरांचा फोन रोजचा व्हिडिओ आपोआप दूर नेऊन जपून ठेवतो," मी म्हणाले. "पण तीन अटींवर. वायफाय हवा, चार्जिंग हवं आणि फोन कोणी वापरत नको. दिवसभरात या तिन्ही गोष्टी एकदम कुठे जुळतात? टोपलीत. पावणेचारनंतर. टोपलीत पडल्यावर थोडा वेळ वाट बघून तो कामाला लागतो आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ जायला त्याला पाऊण तास लागतो. रविवारी व्यायाम नाही म्हणून व्हिडिओ नाही. मागच्या बुधवारी धाकटा घरात नव्हता हे खरं, पण त्याच्याबरोबर मास्तरांचा चार्जरही घरात नव्हता. अडकणं थांबलं ते चार्जर गेल्यामुळे, धाकटा गेल्यामुळे नाही."

वहिनी खाली बघत होती. मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे चोर मीच. बंद करतो मी तो व्हिडिओ."

"मग मी पण," थोरला म्हणाला. "फोनमध्ये ते मी चालू करून दिलं."

"थांबा जरा," मी म्हणाले. "खापर फोडायचंच असेल तर रांग माझ्यापासून लावा. टोपली माझी. सगळ्यांचे फोन एका वेळी स्वस्थ ठेवायला मी सांगितलं, तेही जागेवरून न हलता. तुम्ही नियम मोडला असतात तर ही वेळ आली नसती. आणि चार्जर काढून ठेवला की प्रश्न सुटला, असंही नाही. आज मास्तरांचा फोन आहे, उद्या दुसरं काही असेल. दर वेळी घरातलं एक माणूस पकडायचं का? खरी खोट या ऐटबाज डब्यात आहे."

मी त्यांना खिडकीची गोष्ट सांगितली. तीन नंबरच्या खिडकीवर एक कंत्राटदार यायचा, साठ-साठ अर्जांचा गठ्ठा घेऊन. त्याच्यामागे एखादा म्हातारा, ज्याला फक्त विचारायचं असायचं की साहेब आज आहेत का. एका ओळीचं काम, आणि तो गठ्ठा संपेपर्यंत दीड तास उभा. तेव्हा वरच्यांनी काय करावं? बसायची खोली मोठी केली. आणखी बाकं टाकली. माणसं परत जाईनात, आणि सगळे जास्त वेळ ताटकळायला लागले.

"घरातून बाहेर जायची वाट अरुंद असते," मी म्हणाले. "कंपनी जो स्पीड मोजून दाखवते तो बाहेरून आत यायचा. मास्तरांचा व्हिडिओ म्हणजे साठ अर्ज. वहिनीच्या हातांचं चित्र म्हणजे तो म्हातारा, थोडं थोडं पण लगेच जायला हवं. जुन्या डब्यात बसायला जागा कमी होती, म्हणून काही तुकडे बाहेरच पडायचे आणि चित्र फाटायचं. या नव्यात जागा भरपूर. एकही तुकडा हरवत नाही, सगळे दोन सेकंद रांगेत उभे राहून मग पोचतात. वहिनीने मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, एक बोटही हरवत नाही म्हणून. माझ्याच डोक्यात प्रकाश उशिरा पडला."

"मग खिडकीवर तुम्ही काय केलंत?" धाकट्याने विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात उत्सुकता होती.

"प्रत्येकाची वेगळी रांग. पाळीपाळीने एकेक अर्ज. कंत्राटदाराचा एक, मग म्हाताऱ्याचा एक. म्हातारा दोन मिनिटांत मोकळा. आणि कंत्राटदाराचा गठ्ठा फार साचला की वरचे थोडे अर्ज सरळ परत. मग तो आपणहून बेताने आणतो."

मी मास्तरांच्या टेबलावरून तो काळा डबा आणला. त्यात ही सोय आहे, नुसती चालू करायची राहिली होती. सहा शिंगांच्या नव्या डब्यात ती नव्हतीच. मी जुना डबा तारेला लावला, रांगा वेगळ्या केल्या आणि बाहेर जायचा वेग लाइनच्या ताकदीहून थोडा कमी बांधला. असं केलं की गर्दी साचायची ती आपल्या डब्यात साचते, कंपनीच्या नाही, आणि आपल्या डब्यावर आपला हुकूम चालतो.

मग मास्तरांच्या फोनची वायर मीच परत लावली. व्हिडिओ जायला लागला.

अठरा. बावीस. एकवीस. एकोणीस.

पाच मिनिटं सगळे त्या आकड्याकडे बघत बसले. थोरल्याने सुस्कारा सोडला. वहिनी उठली, धाकट्याकडे एकदा बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग "चहा टाकते" म्हणून आत निघून गेली.

धाकटा माझ्याजवळ आला. "मावशी, तुमच्या आकड्याने माझ्यावरचा आळ गेला," तो म्हणाला. "पण घालणाऱ्याने काढला नाही."

गुरुवारी दुपारी एक वाजता तो बॅग घेऊन पुलापलीकडे गेला.

७

गुरुवारी मी मुद्दाम गेले. वहिनीच्या खोलीत, तिच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात बसले. मास्तर दारात. पावणेचारला त्यांनी फोन खिशातच ठेवला होता.

"बाबा, फोन?" वहिनीने विचारलं.

"आजचा दिवस राहू दे. उगाच विषाची परीक्षा नको."

"काल तुमचा पूर्ण व्हिडिओ गेला आणि आकडा हलला नाही. मी दाराआडून शेवटपर्यंत बघत होते," ती म्हणाली. "लावा फोन. मला आता कोणाला घाबरून काम करायचं नाही."

त्यांनी फोन टोपलीत चार्जिंगला लावला. चारला इस्पितळाचा पडदा उघडला. ती आई दिसली, मांडीवर मुलीची बाहुली. डॉक्टर बोलायला लागले आणि वहिनीचे हात चालू झाले. मी आईचे डोळे बघत होते. वहिनीचा हात वळला की तिचे डोळे वळत होते, तिथल्या तिथे. चार वाजून सात मिनिटं झाली. चार वाजून दहा. पंधरा. आईने सात प्रश्न विचारले आणि सातही उत्तरं तिला वेळेवर मिळाली. शेवटी तिने सही केली आणि बाहुलीचा हात धरून वहिनीला टाटा केला.

माझा जीव भांड्यात पडला. वहिनीचा पडला नव्हता. सहा वाजता काम संपलं तरी ती खुर्चीवरून उठेना.

"मावशी, तोंडाने मला जमत नाही," ती म्हणाली. "काल चहाचे कप धरून मी आतच उभी राहिले."

"मग जमतं तसं कर की. समोर कॅमेरा आहे."

तिने धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने उचलला. मागे उघडी भिंत, एक खिडकी, तिला आधीच्या कोणाचा तरी फिका पडदा. तिने हात वर केले.

खुणांची भाषा मला येत नाही. ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द मी सांगू शकत नाही. बराच वेळ म्हणत होती, दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. शेवटी तिने दोन्ही हातांनी घराकडे यायची खूण केली, तेवढी मला कळली. गाल पुसले आणि उत्तराची वाट बघत राहिली.

पडद्यावर धाकटा हलेना. हात अर्धवट वर, तोंड किंचित उघडं, डोळे एका जागी. एक सेकंद. दोन. तीन.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "अडकलं. मावशी, पुन्हा अडकलं. त्यांना पोचलंच नाही."

मी आधी आकडा बघितला. एकोणीस. मग पडदा बघितला, म्हणजे धाकट्याच्या मागचा, खिडकीचा. तो वाऱ्याने चांगला हलत होता.

"लाइन मोकळी आहे," मी म्हणाले. "हा मुलगा वात्रट आहे."

चौथ्या सेकंदाला धाकट्याचे खांदे हलायला लागले. मग तो फुटलाच, हसून हसून पुढे वाकला, आणि वहिनी एकाच वेळी हसत आणि रडत त्याला हातांनी शिव्या द्यायला लागली. त्या मात्र मला सगळ्या कळल्या. मास्तर दारातून विचारत होते की काय झालं, काय म्हणतोय तो.

त्याने हातांनी उत्तर दिलं आणि माझ्यासाठी तेच तोंडानेही सांगितलं.

"बॅग अजून दाराशीच आहे. उघडली नव्हती."